पाय बघणारे आबा

टेबलावर पत्र ठेवलं की आबा ते आधी बाजूला सारायचे. मग चष्मा काढून म्हणायचे, "कागद बोलतोय. पाय काय बोलत्यात?"

लोणावळ्यात तेव्हा दर नाताळच्या सुट्टीत रेल्वेच्या मैदानावर फुटबॉलचा एकच मोठा सामना व्हायचा. एक कॉलेज मुंबईचं, एक पुण्याचं. मुंबईचं ठरलेलं असे. तिथल्या स्पर्धेत पहिला येईल तो संघ आमच्याकडे यायचा, तसा करारच होता. पुण्याचा संघ मात्र आमची कमिटी निवडायची. निवड दिवाळीनंतर होई, आणि त्याआधी महिनाभर पत्रांचा पाऊस पडे. कुणी प्रिन्सिपॉलची शिफारस पाठवी, कुणी वर्तमानपत्राची कात्रणं. हॉटेलवाले शेठ अध्यक्ष होते, मी हायस्कुलातला मास्तर म्हणून चिटणीस, आणि खेळ खरोखर कळणारे एकटे आबा.

आबा इंजिनशेडमध्ये फिटर होते. तरुणपणी गोऱ्या ड्रायव्हरांविरुद्ध अनवाणी खेळलेले. मूळचे लोहगडाखालच्या गावचे, तिथली भाषा त्यांनी कधी सोडली नाही. पेन्शनीत गेल्यावर रेल्वेच्या पासावर ते पुण्याला जाऊन प्रत्येक संघ स्वतः पाहून येत. कुणाला न कळवता जात आणि गोलाच्या मागे उकिडवे बसत. कळवलं की पोरं देखावा करतात, असं त्यांचं मत. तुम्हीही असे लोक पाहिले असतील, ज्यांचा कुणावरच भरवसा नसतो. "आज पाऊस नाही" म्हटलं तरी आबा विचारत, "कुनी सांगितलं?" आणि दारात जाऊन आभाळ बघून येत.

एका वर्षी मामला अडला. पुण्यातलं एक जुनं, नावाजलेलं कॉलेज आणि एक धाकटं, नव्यानं निघालेलं, अशा दोन संघांत निवड होती. शेठना जुनं हवं होतं. त्याच्यामागे दीडदोनशे पोरं येत, त्यांचे पालक येत, हॉटेलं भरत. धाकट्याच्या मागे कोण येणार? त्यांच्या निम्म्या पोरांच्या पायांत बूटसुद्धा नव्हते.

आबा म्हणाले, "धाकट्यांना बोलवा. जुन्यांचा त्यो आघाडीचा गडी उजव्या पायावर भार देत न्हाई. लपवत्यात. गुडगा गेलाय त्याचा."

"गेल्याच महिन्यात त्यानं तीन गोल केले. पेपरात आलंय," शेठ म्हणाले.

"पेपरवाला पाय बघाया गेलता का?"

सभा तहकूब झाली. बाहेर पडताना शेठनी मला थांबवलं. "मास्तर, आबा एवढे हट्टाला का पेटलेत? त्या धाकट्या संघात त्यांचं कुणीतरी आहे. जरा बघून या."

मी गेलो. आज सांगताना लाज वाटते, पण तेव्हा मजा वाटली होती. पुण्यात याच दोन संघांचा सामना होता आणि आबा तो बघायला निघाले होते. आबा पुढच्या डब्यात, मी मागच्या. मैदानावर मी झाडाआड उभा राहिलो. सामना बरोबरीत सुटला. पोरं कपडे बदलून पांगली, तसा कोट घातलेला एक उंच मुलगा आबांपाशी आला आणि वाकून पाया पडला. आबांनी आपल्या कोटाआडून एक गाठोडं काढून त्याच्या हातात दिलं. सोडून पाहिलं त्यानं. भुईमुगाच्या शेंगा होत्या. आबांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना असं कुणाला जवळ घेताना मी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या सभेत मी पाहिलेलं सांगितलं.

"कुठल्या संघातला मुलगा?" शेठनी विचारलं.

"धाकट्यातलाच असणार," मी म्हणालो.

सगळ्यांनी आबांकडे पाहिलं. "कोण लागतो तो तुमचा?"

"नातू. लेकीचा ल्योक." आबांनी चष्मा खिशात घातला. एकदा माझ्याकडे बघून ते उठून गेले, आणि पुन्हा सभेला आले नाहीत. जुन्या कॉलेजला निमंत्रण गेलं, आणि मी सभेच्या वहीत लिहिलं की एका सभासदाचा नातू धाकट्या संघात आहे. 'असणार' हा शब्द मी लिहिला नाही.

नाताळात मैदान फुलून गेलं. शेठ खुशीत होते. जुन्या कॉलेजची पोरं रांगेनं मैदानात उतरली. चौथा मुलगा तोच होता. तोच उंच, पाया पडलेला. आबांचा नातू जुन्या कॉलेजचाच खेळाडू होता. आबा आपल्या नातवाच्या संघाला बोलवू नका म्हणून भांडत होते.

पंधराव्या मिनिटाला आघाडीचा गडी गुडघा धरून खाली बसला. दोघांनी त्याला उचलून बाहेर नेलं. नातू एकटा जिवाच्या आकांतानं धावत राहिला, पण मुंबईच्या पोरांनी मध्यंतरापूर्वीच सहा गोल चढवले होते. लोक आधी हसत होते, पुढे हसणंही थांबलं आणि ते उठून चालू लागले. नातू खेळताना मधूनच कडेच्या गर्दीवर नजर फिरवत होता. आबा आलेच नव्हते.

आबा आपल्या गावी जाऊन राहिले होते; महिनाभरानं कमिटीनं मला तिथं धाडलं. आबा ओट्यावर कुदळीला दांडा बसवत होते.

"सभेत सांगितलं का नाही, आबा?"

"काय सांगू? नातू जुन्यात हाय म्हनलो असतो, तर तुमी म्हनला असता, म्हातारा नातवावर रुसलाय." दांडा ठोकत ते म्हणाले, "त्याला लय वाटत हुतं, आजाच्या गावात खेळावं. शेवटचं वरीस त्याचं. मीच त्याला म्हनलो, न्हाई जमायचं बाबा. रडला."

मी मान खाली घातली. "परत या कमिटीत."

"कमिटीनं धाडलं, का सवताहून आला?"

"कमिटीनं," मी खरं सांगितलं.

त्यांनी मान हलवली. घरातून ताक मागवलं, मला पाजलं, आणि कमिटीचा विषय पुन्हा काढू दिला नाही. पुढची दोन वर्षं आम्ही कात्रणं वाचूनच संघ निवडले. मग युद्ध आलं, मैदानावर लष्कराचे तंबू पडले आणि सामना बंद झाला.

कमिटीही राहिली नाही, तेव्हा एका रविवारी मी मळवली स्टेशनला उतरून पायी त्यांच्या गावी गेलो. दाराला कडी होती. शेजारच्या अंगणात एक बाई भात पाखडत होती.

"आबा व्हय? त्ये गेलं की आखाडात," ती म्हणाली. सूप खाली ठेवून तिनं मला निरखलं. "तुमी कोन त्यांचं?"

"लोणावळ्याहून आलोय," एवढंच म्हणालो.

"कुनी धाडलं व्हतं का?"

"नाही," मी म्हणालो. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला, आणि मी त्या बंद दारासमोरच्या ओट्यावर बसलो.