कौदीच्या पोटातली भाकरी

आज लेकीनं शाळेसाठी माझी जुनी साडी मागितली. जुन्या कपड्यांपासून काहीतरी करून न्यायचंय म्हणे. मी ट्रंक उघडली आणि डांबरगोळ्यांच्या वासाबरोबर धारवाडच्या शाळेतला शिवणाचा तास समोर उभा राहिला.

नव्वदनंतरची गोष्ट. शिवण शिकवणाऱ्या बाईंना आम्ही कन्नड रीतीनं अक्कोरू म्हणायचो. नवं कापड त्यांनी आणूच दिलं नाही. आमच्या अण्णांचं विरलेलं धोतर, कुणाचा आखूड झालेला गणवेश, असं जोडत वर्गानं मिळून एक कौदी, म्हणजे गोधडी, शिवली. शेवटचा कोपरा मात्र अक्कोरूंनी उघडा ठेवायला लावला.

"आता आत भाकरीचा तुकडा घालायचा. कौदी उपाशी ठेवू नये. कुणाच्या डब्यात आहे ग भाकरी?"

आम्ही मळमड्डीच्या सुखवस्तू घरांतल्या मुली पोळी नाहीतर उप्पीट आणायचो. मागच्या बाकावरची रेणुका रोज डब्याचं झाकण आड धरून एकटीच जेवायची. ती हळूच उठली. ज्वारीच्या भाकरीचा तुकडा तिनं आत सरकवला आणि तो कोपराही तिनंच शिवला.

"अक्कोरू, उंदीर लागले तर?" मी विचारलं.

"लागू देत. त्यांचंही पोट भरेल."

दुसऱ्या दिवशी रेणुकाच्या डब्याभोवती ही गर्दी! मला मात्र कितीतरी दिवस त्या उंदरांचंच कुतूहल होतं.

आज साडीची घडी मोडता मोडता एकदम आठवलं, अक्कोरूंच्या स्वतःच्या डब्यात रोज भाकरीच असायची.