बारा चाळीसचा फोन

अण्णांच्या दहाव्याच्या तीन दिवस आधी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी, त्यांच्या मोबाइलवरून अनसिंगच्या मामांना फोन गेला. अण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा हयात नव्हते. फोनला कोणी हात लावला नव्हता.

फोन खिडकीत चार्जिंगला होता. मी दारातून पाहिलं. काचेवर बोट नव्हतं, तरी नावांची यादी वर-खाली सरकत होती. जणू कोणी चष्म्याशिवाय नाव शोधत होतं. यादी थांबली. सगळ्यात वरचं नाव दाबलं गेलं. पलीकडं घंटी वाजत राहिली. मामांनी उचलला नाही.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात त्यांना फेटा उशिरा बांधला गेला (व्याह्यांच्या ड्रायव्हरच्या नंतर!), आणि तेव्हापासून अकरा वर्षं त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. अण्णांच्या मातीला आले, लांब उभे राहिले, बहिणीशी एक शब्द न बोलता गेले. तेव्हापासून आईचं एकच चाललं होतं: नवरा तर गेला, भाऊ तरी दारात यावा.

दुसऱ्या दिवशी, बारा चाळीस. पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. शेजारच्या दोघी फक्त ते बघायला येऊन बसल्या. आई म्हणाली, "त्याइले कायतरी सांगाचं राह्यलं."

मी वीस वर्षं तालुक्याच्या बातम्या देतो. असल्या प्रत्येक बातमीत मी 'कथित' हा शब्द घालत आलो आहे. त्या दिवशी तो घालायची हिंमत झाली नाही.

इथं एक वस्तुस्थिती नोंदवली पाहिजे. आदल्याच आठवड्यात, भेटायला आलेल्यांसमोर चटईवर बसताना, मी अण्णांच्या फोनवर बसलो होतो. काच फुटली. रिसोडच्या दुकानात नेला, तेव्हा दुकानदारानं विचारलं, ओरिजिनल टाकू का कॉपी? म्हटलं, माणूस गेला, आता कोण वापरणार, कॉपी टाक. त्यानं पुढं काहीतरी सांगितलं. मी ऐकलं नाही. घरी ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नाही.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवले. कावळे समोरच्या बाभळीवर रांगेनं बसलेले. एकही उतरेना. साडेअकरा झाले, बारा झाले. मग नेहमीप्रमाणे मयताच्या इच्छांचा शोध सुरू झाला. एक जण म्हणाला, विहिरीवरची मोटर दुरुस्त करतो म्हणून सांग. मी हात जोडून सांगितलं. दुसरा म्हणाला, शेताच्या धुऱ्याचं भांडण मिटवतो म्हण. म्हटलं. तिसरा म्हणाला, दाढी रोज करत जाईन म्हण, त्यांना तुझी दाढी आवडत नसे. चारचौघांत, कावळ्यांकडे पाहत, मी तेही कबूल केलं. एका कावळ्यानं मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली.

वाट विचारणाऱ्या पाहुण्यांसाठी अण्णांचा फोन माझ्या खिशात होता. उन्हानं तापून तो छातीला चटके देत होता. बारा चाळीसला तो थरथरला. त्याच क्षणी कावळ्यांच्या बाभळीमागून जोरात भजन वाजू लागलं.

सगळे वळले. बाभळीमागं मामा उभे होते. आले होते, पण पुढं व्हायला पाय निघत नव्हता. त्यांच्या हातातला मोबाइल वाजत होता, आणि त्यावर मेलेल्या माणसाचं नाव होतं. चेहरा पिंडासारखा पांढरा. ते तसेच चालत पिंडापाशी आले आणि गुडघ्यांवर बसले.

"भाऊजी, चुकलं माह्यं," ते म्हणाले. "बहिनीच्या घरी येत जाईन. तुमी फोन करत राहा. आता मी उचलीन."

कावळा शिवला.

संध्याकाळी मी दुकान गाठलं. दुकानदार हसला. "कॉपी तापली का टच आपल्या मनानं चालते. तुमाले तवाच सांगतलं होतं." आमच्या खिडकीत दुपारी साडेबाराला ऊन येतं. अण्णांना फोनला कुलूप लावणं जमत नसे, फोन उघडला की यादीच समोर येई, आणि यादीत पहिलं नाव 'अनसिंग मेहुणा'. एवढंच होतं.

घरी मी गप्प राहिलो. मामा दर रविवारी येऊ लागले. रोज बारा चाळीसला फोन उचलून अण्णांना सोयाबीनची हकिगत सांगू लागले. पलीकडून उत्तर येत नाही याचं त्यांना काही वाटत नसे. अण्णा हयातीतही फार बोलत नसत. त्यांचा फक्त खोकला यायचा, तो मात्र शिवारभर.

महिनाभरानं मला राहवलं नाही. सत्य म्हणून काही चीज आहे, या विचारानं मी ओरिजिनल स्क्रीन बसवून आणला. फोन गप्प झाला. रविवारी मामा आले नाहीत. पुढच्या रविवारीही नाहीत. निरोप आला, आता भाऊजीच रुसले, कोणत्या तोंडानं येऊ?

मी आईला काच, कॉपी, ऊन, सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मंग चांगला चालू होता तं दुरुस्त कायले केला?" ती म्हणाली, आणि फोन माझ्या हातात दिला. "बारा चाळीस होऊन राह्यले. लाव."

तेव्हापासून मी रोज फोन लावतो आणि श्वास रोखून बसतो. मामा रविवारी येतात.

परवा मामा बियाण्याबद्दल सांगत होते आणि मला ठसका लागला. तोंडावर हात दाबला, पण खोकला निसटला. पलीकडं बियाण्याची गोष्ट मध्येच थांबली.

"भाऊजी," मामा हळूच म्हणाले, "खोकला अजून तसाच हाये का?"

मी फोन बंद केला. संभाषणाचा कालावधी: चार मिनिटं अकरा सेकंद.