बांधाच्या अलीकडचा ढीग

तळ्यावर त्याला सगळे बगळा म्हणत. काटकुळ्या पायांनी तो दिवसभर कमरेइतक्या पाण्यात उभा असे, म्हणून. वस्तीतल्या सगळ्या गटारांचं पाणी त्या तळ्यात यायचं. त्यातली घाण खाऊन जलपर्णी फोफावायची आणि फोफावलेली जलपर्णी उपसायचं काम बगळ्याचं. एकोणीस वर्षं त्याने हेच केलं. नव्या माणसाला तो पहिल्याच दिवशी दरडावून सांगे, "उपसली म्हणजे झालं नाही. त्याच दिवशी बांधापलीकडे टाकायची. अलीकडे कुजली, तर खाल्लेलं सगळं परत पाण्यात ओकते."

त्याच्या ह्या शिस्तीमुळे तळ्यात मासे टिकून होते, आणि माशांवर त्याच्या थोरल्या भावाचं घर चालत होतं. दादाला दुसरं काही येत नव्हतं.

ह्या उन्हाळ्यात बगळ्याचा गुडघा गेला. भरली पाटी घेऊन बांध चढताना डोळ्यांपुढे काजवे चमकत. साहेबाला सांगावं तर काम जायचं. मग तो पाट्या अलीकडेच झुडपांआड रिकाम्या करू लागला. उद्या नेऊ, असं रोज म्हणायचा. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, तेही कमरेइतक्या पाण्यात.

नवव्या दिवशी सकाळी तळं हिरवंगार झालं होतं आणि मासे पोटं वर करून काठाला लागले होते. दादा खांद्यावरचं जाळं न उतरवता बघत राहिला.

"वरून कुणीतरी काहीतरी सोडलं," तो म्हणाला. साहेबही येऊन तेच बोलून गेला. बगळा मान खाली घालून ऐकत होता. सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं, पण धीर झाला नाही.

"तू होतास म्हणून इतकी वर्षं तरी निघाली," दादा म्हणाला. "पाय दुखतोय ना तुझा? आजच्या पाट्या मी नेतो."

बगळा नको म्हणेपर्यंत दादा झुडपांआडून डोकावणारी पाटी आणायला गेलाही. ढिगाखालून काळं पाणी ओघळत तळ्यात उतरत होतं. दादाने मूठभर कुजकी पानं उचलून पिळली. नियम त्यालाही पाठ होता.

"किती दिवसांचं आहे हे?"

"नऊ."

"मला सांगायचंस. मी वाहिल्या असत्या पाट्या."

मग त्याने पाटी भरली आणि तो बांध चढला. संध्याकाळपर्यंत त्याने एकट्याने सगळा ढीग पलीकडे नेला. बगळ्याला त्याने पाटीला हातसुद्धा लावू दिला नाही.