प्रोग्रॅम बंद करणारा पासवर्ड

अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एका केमिकल कारखान्यात मी शिफ्ट इंचार्ज होतो. रिअ‍ॅक्टरचं तापमान नुकतंच कॉम्प्युटरवर दिसू लागलं होतं. ते वाढलं की कॉम्प्युटरच भोंगा वाजवायचा. पण तो प्रोग्रॅम कुणीही बंद करू शकायचं, म्हणून पासवर्ड बसवायला उल्हासनगरहून एक माणूस आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी खुर्ची दिली, तर ती फिरवून तो रिअ‍ॅक्टरकडे तोंड करून बसला. चहा पितानाही नजर तिकडेच.

तेवढ्यात भोंगा वाजला आणि लगेच थांबला.

"साहेब, थांबला कसा?" कप टेबलावर ठेवत तो उठला.

पडद्यावर आकडेच नव्हते. आवाजाला कंटाळून ऑपरेटरनं प्रोग्रॅमच बंद केला होता. मी धावत जाऊन थंड पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. रिअ‍ॅक्टर थरथरत होता. रिअ‍ॅक्टरवरच्या तापमापकाचा काटा खाली येईपर्यंत मी तिथून हललो नाही.

मग त्यानं पासवर्ड बसवला. "हा दोघांना तरी सांगून ठेवा. कॉम्प्युटर अडकून आकडे हलेनासे झाले, तर हा टाकूनच प्रोग्रॅम बंद करून परत चालू करायला लागतो. घाबरल्यावर एकट्याला काय आठवत नाही."

"असं होतं?"

बॅगेची चेन लावता लावता तो म्हणाला, "मी आधी कामाला होतो त्या कारखान्यात पासवर्ड मला एकट्यालाच माहीत होता."

पुढे काय झालं, हे विचारायचा मला धीर झाला नाही.