बाबा म्हणाले, 'ओव्हर द मून'

आज कपाट आवरताना डांबरगोळ्यांच्या वासाची एक जुनी वही हाताला लागली आणि मी थेट चारकोपच्या आमच्या खोलीत जाऊन पोचले.

ही माझी इंग्रजी बोलायच्या क्लासची वही. मरोळच्या एका ऑफिसात इंटरव्ह्यू होता, म्हणून आनंद झाला की म्हणायची वाक्यं मी घोकत होते. ओव्हर द मून, ऑन क्लाउड नाइन. आमच्या घरात असलं काही कुणी मराठीतही बोलत नसे. बाबा मालवणकडचे, आयुष्य गिरणीत गेलेलं. मी बारावी पास झाले तेव्हा म्हणाले होते, "बरा झाला. आता जेवून घे."

नोकरी लागल्याचं सांगितलं तेव्हाही मी तेवढंच ऐकायच्या तयारीत होते. बाबांनी चहाची बशी खाली ठेवली, शर्टाचं वरचं बटण लावलं आणि साहेबासमोर राहतात तसे ताठ उभे राहून म्हणाले, "आय ॲम ओव्हर द मून."

मी हादरलेच. इंग्रजी पाटी वाचताना अडखळणारा हा माणूस! आईची चपाती तव्यावर करपली. आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर "बाबा, माझ्या वहीला हात कशाला लावलात?"

"चुकला माझा," म्हणत त्यांनी बशी उचलली. पुन्हा कधी ते इंग्रजीत बोलले नाहीत.

आता बाबा नाहीत. वहीचं शेवटचं पान मी आज पहिल्यांदा पाहिलं. पेन्सिलीनं, देवनागरीत, पानभर तेच वाक्य. वर शाळेतल्यासारखी तारीख घातलीय. माझ्या इंटरव्ह्यूच्या आठ दिवस आधीची.