वरंगळहून येणारी मादी

बँकेने बदली करून चेन्नईला पाठवलं, तेव्हा मला घर मिळालं ते शहराच्या उत्तरेकडच्या जुन्या वस्तीत, वरच्या मजल्यावर. घरमालक रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. गच्चीवर त्यांची ढाबळ होती, आणि तिच्यातली कबुतरं शर्यतीची होती. मला हसूच आलं. जन्मभर आम्ही कबुतरं हुसकावली, आणि इथे माणसं त्यांच्यासाठी घड्याळ लावून बसतात!

पक्षी लांबच्या गावी नेऊन पहाटे सोडायचे आणि इथे वाट बघायची. पक्षी ढाबळीत शिरला की पायातल्या कड्याची नोंद होते. नुसता कठड्यावर बसला तर ती वेळ धरत नाहीत. बघायला पाच-सहा म्हातारे यायचे. दिवसभर रिकामं आभाळ बघण्यात कसली आली मजा? पण एकदा मीही बसले. लांब एक ठिपका दिसला, तो आमच्याच गच्चीकडे वळला, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर मी एकही शर्यत चुकवली नाही. म्हणजे मला सगळं ठाऊक होतं.

त्या वर्षी डॉक्टरांनी मालकांना बजावलं होतं की पिसांच्या धुळीने फुप्फुसं गेली आहेत, पक्षी देऊन टाका. वरंगळची शर्यत त्यांची शेवटची. हाताने भरवून वाढवलेली एक राखी मादी त्यांनी पाठवली होती. पहिला नंबर त्यांना कधीच मिळाला नव्हता. आदल्या दिवशी ते मला म्हणाले, "अम्मा, उद्या गच्चीवर कपडे नकोत. नवं काही दिसलं तर ती उतरत नाही."

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. मी गच्चीवर गुढी उभारली, ढाबळीपासून चार हातांवर. गुढी म्हणजे काय कपडे आहेत, असं मनाशी म्हटलं. खरं तर मला ती त्या म्हाताऱ्यांना दाखवायची होती. हिरवा खण, तांब्या, कडुलिंब. थाटच तसा होता.

मालक वर आले आणि बघत राहिले. "सामी?" त्यांनी विचारलं.

"हो, देवच. संध्याकाळपर्यंत हलवायची नसते," मी म्हणाले. त्यांनी हात जोडले आणि खुर्चीत जाऊन बसले.

तीनच्या सुमाराला मादी आली. आसपासच्या कुठल्याच गच्चीवर अजून पक्षी उतरला नव्हता. ती खाली झेपावली, खण फडफडला, आणि ती पुन्हा वर गेली. मालकांनी दाण्यांचा डबा खुळखुळवला, शीळ घातली. ती घिरट्या घालून शेजारच्या टाकीवर बसली. म्हातारे ओरडायला लागले. एकजण काठी काढायला धावला, तर मालकांनी त्याचा हात धरला. "देव आहे. हात लावू नकोस."

ऑफिसची घाई असली की मी गुढी दुपारी बारालाच उतरवत आले आहे. त्या दिवशी हाताची घडी घालून उभी राहिले. उतरवली असती तर सकाळचं बोलणं खोटं ठरलं असतं, आणि पाच-सहा म्हाताऱ्यांसमोर माझी शोभा झाली असती. एवढ्यासाठी! आजही आठवलं की कानशिलं तापतात.

वीस मिनिटांनी मादी आत शिरली. तोवर फोन आला होता. दुसऱ्या एका गच्चीवरचा पक्षी पहिला आला होता.

सूर्य मावळताना मी गुढी उतरवायला गेले, तर मालक जिना चढून आले. धाप लागली होती. हातात मोगऱ्याचा गजरा होता. तो त्यांनी गुढीच्या पाटावर ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "अम्मा, माझी माणसं ओरडली. देवाला राग तर नाही ना आला?"

"नाही," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.