पाणी सोडायची कुऱ्हाड

तान योंगफूच्या पोटात दुखायला लागलं की तो बांबू फोडायला बसायचा. सकाळी सकाळी त्याच्या अंगणातून फाट्‌फाट् आवाज सुरू झाला की पलीकडची म्हातारी सुनेला म्हणायची, "आज कुणीतरी फू चांगशुनचं कौतुक केलेलं दिसतंय."

मिन नदीच्या बांधावर तान तीस वर्षं पिंजरे विणत होता. पिंजरा म्हणजे बांबूच्या कामट्यांची लांबलचक जाळीदार नळी. ती नदीकाठी आडवी टाकायची, आत गोटे भरायचे आणि तोंड विणून बंद करायचं. अशा पिंजऱ्यांच्या रांगा धारेला वळवतात आणि खाली सगळ्या पठाराचा भात पिकतो. बादशहा जाऊन वीस वर्षं झाली तरी आमच्याकडे बांध असाच घालत होते. तानचा पिंजरा ओळखू यायचा. भोकं एकसारखी, कडा सरळ, चूक काढायला जागाच नाही. हे लोक म्हणायचे आणि लोक विसरले तर तो स्वतः म्हणायचा.

चांगशुन त्याच्याहून दहा वर्षांनी लहान, वरच्या अंगाच्या कुठल्याशा गावातून आलेला. त्याचे पिंजरे बघवत नसत. तळहात आरपार जाईल एवढी भोकं, अंग ढिलं, पोट सुटलेलं. शिवाय हा गडी अर्धा दिवस खडकावर बसून चिलीम ओढत नदीकडे बघत राहायचा. मग उठून दहा पिंजरे टाकायचा आणि ते दहा पावसाळाभर हलायचे नाहीत. तानला वाटायचं, नशीब आहे मेल्याचं, दुसरं काय?

पण खरं दुखणं कुऱ्हाडीचं होतं. हिवाळ्यात नदीचा एक फाटा तीन-तीन ओंडके बांधलेल्या लाकडी तिकाट्या उभ्या करून अडवतात, तळातला गाळ उपसतात, बांध दुरुस्त करतात. वसंतात, छिंगमिंगला पितरांच्या थडग्यांची झाडलोट झाली की, त्या तिकाट्यांचा मुख्य दोर कुऱ्हाडीने तोडायचा आणि पाणी सोडायचं. काठावर हजारो माणसं असतात. तो घाव कुणी घालायचा हे बांधावरचे कामकरी ठरवतात. तानच्या बापाने एकदा घातला होता. बाप मेला तरी चहाच्या दुकानात त्या घावाची गोष्ट चालूच होती. तानला आयुष्यात दुसरं काही नको होतं. आणि दोन वर्षं ओळीने कुऱ्हाड चांगशुनच्या हातात गेली होती.

"अहो, जेवा आता," बायको शुझेन म्हणाली. "तोफू गार झाला. त्या बांबूने तुमचं काय घोडं मारलंय?"

"त्याला काय येतं गं? विणता येत नाही, सरळ रेघ येत नाही."

"नदी तरी कुठे सरळ आहे?"

"तूसुद्धा त्याच्याच बाजूची!"

त्या हिवाळ्यात मुकादम शेंगने वळणावरचं काम दोघांत वाटलं. वरचं वळण तानचं, त्याच्या खालचं चांगशुनचं. तानने मनाशी पक्कं केलं की यंदा असा बांध घालायचा की लोकांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत. त्याने दुहेरी कामट्या घेतल्या, वीण इतकी घट्ट केली की आत करंगळी जाईना. बारीक गोटे ठोकून ठोकून भरले आणि रांग चांगली छातीएवढी उंच रचली.

टेकडीवरच्या देवळातला म्हातारा ताओ साधू मिंगयुआन भाजी धुवायला काठावर उतरला होता. तो बराच वेळ बघत उभा राहिला.

"योंगफू, यातून पाणी कुठून जाणार रे?"

"जाऊच नये म्हणून तर विणलंय, बाबा."

"मग नदी काय करेल?"

"थांबेल."

म्हातारा हसला. "मी साठ वर्षं इथे आहे. ती थांबलेली अजून पाहिली नाही. वाट ठेवली तर ती तुझ्याशी भांडणार नाही. बांध बुटका ठेव, तळ खोल काढ. वाडवडिलांनी एवढंच सांगितलंय."

"चांगशुनला सांगा. तो ऐकतो तुमचं."

"त्याला मी कधी काही सांगितलं नाही," म्हातारा म्हणाला आणि भाजीची टोपली उचलून पायऱ्या चढू लागला. तानच्या अंगाचा तिळपापड झाला. सल्ला आपल्याला, आणि चांगशुनला तोही लागत नाही!

बांध मात्र देखणा झाला. लोक मुद्दाम बघायला आले. शेंगने पाठ थोपटली. तानने नवं निळं जाकीट शिवून घेतलं आणि छिंगमिंगची वाट पाहत बसला. आदल्या दिवशी कामकरी जमले, हात वर झाले, आणि तिसऱ्यांदा नाव निघालं चांगशुनचं. तान जाकीट घालून गर्दीत मागे उभा राहिला. दोर एका घावात तुटला, लोक ओरडले, आणि त्याला वाटलं, दोराऐवजी आपणच तुटलो असतो तर बरं.

पावसाळ्यात डोंगरात तीन दिवस पाऊस कोसळला. चौथ्या दिवशी सकाळी तान धावत वळणावर आला, तेव्हा नदी लाल झाली होती. खालच्या वळणावर चांगशुनचे पिंजरे पाण्याखाली वाकले होते, दबले होते, तळ खचला तिथे खचत जागा धरून बसले होते. तानची भिंत मात्र ताठ उभी होती. क्षणभर त्याची छाती फुगली. मग त्याने पाहिलं, की पाण्याला आत शिरता येत नव्हतं म्हणून ते भिंतीच्या पायाखालून माती ओरबाडत होतं. आणि भिंतीवर पालथा पडून चांगशुन कोयत्याने वीण कापत होता.

तीस वर्षांचं सगळं तानच्या डोक्यात चढलं. "हरामखोरा! माझ्या कामाला हात लावतोस?" स्वतःचा कोयता उगारून तो कमरभर पाण्यात शिरला. खरं सांगायचं तर त्या घटकेला तो बांबू कापायला निघाला नव्हता.

चांगशुनने मान वर केली. कोयता त्याने पाहिला, पण न पाहिल्यासारखं केलं.

"बरं झालं आलात, तान दादा! तिकडून कापा, माझा हात पोचत नाही. फार घट्ट विणलंय तुम्ही. लवकर! अख्खी भिंत एकदम पडली तर फाटा बुजेल, खाली थेंब जायचा नाही!"

तानचा हात वरच राहिला. पायाखाली भिंत हलली. मग कोयता खाली आला तो कामटीवर. त्याने आपल्या हाताने विणलेली दुहेरी वीण आपल्याच हाताने फाडली, एकामागून एक सात पिंजरे. गोटे भसाभस सुटले, पाणी फटींतून शिरलं, भिंत बसकी झाली आणि थांबली. फाटा वाचला. दोघं काठावर धापा टाकत पडले. चांगशुनने चिलीम चाचपली, ती भिजली होती. तो हसत सुटला. तानला हसू आलं नाही.

पुढच्या वसंतात सगळे हात तानसाठी वर झाले. शुझेन रडलीच. आपणच पिंजरे कापून फाटा वाचवला असं लोकांना वाटत असणार, असं तानने मनाशी धरलं आणि तो गप्प राहिला. पण छिंगमिंगला लाल फडकं बांधलेली कुऱ्हाड हातात आली, काठावर ढोल वाजू लागले, आणि त्याला ते पेलवेना. शेजारी दोर धरून चांगशुन उभा होता.

"हे बघ," तान हळूच म्हणाला, "आधी तू कापत होतास. मी तुझ्यावर कोयता घेऊन आलो होतो. मी सांगून टाकतो सगळ्यांना."

"कोयत्याचं राहू द्या. बाकीचं माहितीय त्यांना. मी तेव्हाच सांगितलं होतं."

"मग कुऱ्हाड मला कशी?"

"मीच म्हटलं, यंदा दादांना द्या."

"का?"

चांगशुनला प्रश्नच नीट कळला नसावा. "तुम्हाला हवी होती ना," तो म्हणाला. "मारा आता, लोक खोळंबलेत."

तानने घाव घातला, तो दोराच्या बाजूला लाकडात रुतला. काठावर हशा पिकला. दुसऱ्या घावाला दोर तुटला, तिकाट्या कलंडल्या, पाणी मोकळं झालं. पोरंसोरं, बायाबापड्या पाण्याच्या पहिल्या लाटेबरोबर काठाने धावत सुटली. त्यांच्यात चांगशुनही होता, विजार गुडघ्यापर्यंत खोचून, आरडाओरडा करत. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. तान कुऱ्हाड हातात घेऊन तिथेच उभा राहिला. लोक येऊन त्याचे हात हातात घेत होते, अभिनंदन करत होते, आणि त्या दिवशीइतका चांगशुनचा हेवा त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता.